सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बंद घरे, पड जमिनी व खानेसुमारी

'खानेसुमारी' हा शब्द फारशीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ घरांची मोजदाद असा आहे. हल्ली 'जनगणना' हा शब्द रूढ झाल्यामुळे माणूस मुख्य व घर गौण ठरले. परंतु सिंधुदुर्गासारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्याची खरी स्थिती समजून घ्यावयाची असेल, तर जुन्या शब्दाचा अर्थ ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. येथे माणसे घटली आहेत, घरे उभी आहेत, आणि घरामागची जमीन पड पडत आहे. माणूस, घर व जमीन या तिहींचा मेळ कोठे तुटला व तो जोडण्यासाठी आपणा शेतकऱ्यांच्या हाती काय आहे, हे आकड्यांच्या व महसुली दप्तराच्या आधारे सांगण्याचा या लेखात आमचा उद्देश आहे.

वस्ती.— हा जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून निराळा काढण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०७ चौरस किलोमीटर असून तालुके आठ आहेत. २००१ साली येथील लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी भरली. याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा सुमारे १६ वाढली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातही १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ अशी घटच आढळली. २०११ च्या हिशेबाने सिंधुदुर्गात दर चौरस किलोमीटरास १६३ माणसे, तर राज्याची सरासरी ३६५ होती. याहून विरळ वस्ती राज्यात एकट्या गडचिरोलीची, ती ७४.

एक चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे २४७ एकर. त्यास १६३ ने भागिले असता माणशी दीड एकर येते, व पाच माणसांच्या कुटुंबास साडेसात एकर. कागदावर हा हिशेब मोठा सुखाचा दिसतो. परंतु या एकरांत सह्याद्रीचे कडे, जंगल, कातळ, खाड्या व रस्ते असे सर्व काही आले. भाताची जमीन त्यांतील थोडी, व तीही तुकड्यातुकड्यांची. म्हणून 'विरळ वस्ती म्हणजे मुबलक जमीन' असे कोणी समजू नये.

ही घट दुष्काळाने किंवा रोगाने झालेली नव्हे. एक तर जन्माचे प्रमाण उतरले. दुसरे, माणूस बाहेर गेला. याचा पुरावा स्त्री-पुरुषांच्या संख्येत सापडतो. २०११ साली राज्यात दर हजार पुरुषांस ९२९ स्त्रिया होत्या, तर सिंधुदुर्गात १,०३६. परंतु याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, २००१ साली हाच आकडा १,०७९ होता. माणसे घटली आणि स्त्रियांचे आधिक्यही घटले, याचा अर्थ आम्ही असा लावितो की, पूर्वी एकटा पुरुष जाई, आता बिऱ्हाडच जाते. मुंबईच्या गिरण्या चालत होत्या तोपर्यंत कोकणातला माणूस गिरणगावात चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राही, मनिऑर्डर पाठवी, व घरी बायको शेत राखी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा धंदा मोडला. त्यापुढची पिढी नोकरीच्या गावी नवराबायको मिळूनच राहू लागली व मुलांच्या शाळाही तेथेच झाल्या. पूर्वी पुरुष गेला तरी चूल पेटती राही. आता दारास कुलूप लागते.

गणतीचा काळ.— २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. चाकरमानी गावी येतात ते गणपतीस, शिमग्यास किंवा मे महिन्यात. त्या वर्षी होळी मार्चात पडली. तेव्हा गणती झाली ती घरे बंद असण्याच्या दिवसांत. यावरून कोणी म्हणतात की, आमची माणसे उगाच कमी दाखविली. हे म्हणणे बरोबर नव्हे. गणतीच्या सर्व दिवसांत जो घरापासून दूर होता, तो जेथे राहत होता तेथे मोजावयाचा, असा नियमच आहे. शिवाय शेतीच्या दृष्टीने पाहिले तर फेब्रुवारीतला आकडाच खरा. वर्षातून दहा दिवस येणाऱ्या माणसाकडून तरवा काढून लावणी होत नाही.

घरे.— खानेसुमारीत घर निराळे व कुटुंब निराळे धरितात. एका चुलीवर जेवणारी माणसे मिळून एक कुटुंब होते. ज्या घरात कोणी राहत नाही व ज्याचा दुकान, शाळा, गोदाम असा दुसराही उपयोग होत नाही, ते रिकामे घर. २०११ साली सबंध देशात सुमारे ३३ कोटी घरे मोजली गेली, त्यांतील जवळजवळ अडीच कोटी रिकामी होती. म्हणजे रिकाम्या घरांचे दुखणे केवळ आपलेच नाही. पण आपल्या हवेत ते लवकर विकोपास जाते.

चिऱ्याच्या भिंती व मंगळुरी कौले ही आपल्या घराची रीत. वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एक कौल सरकले की पाणी वाशावर पडते. वासा कुजला की भोवतालची कौले खचतात, व दोनतीन पावसाळ्यांत भिंतीचा माथा भिजून चिरे सुटू लागतात. घरात चूल पेटत असे तेव्हा धुराने लाकूड काळे होई व त्यास कीड सहसा लागत नसे. बंद घरात धूर नाही व झाडलोट नाही, म्हणून वाळवीस मोकळे रान मिळते. दुरुस्ती करण्याची ऐपत पुष्कळांस असते. अडचण दुसरीच आहे. घर सामाईक, घरपट्टी एकाच्या नावे, व हिस्सेदार चार गावी. एकाने कौले घातली तर दुसऱ्यास वाटते की हा आता घर बळकावणार. म्हणून खर्च कोणीच करीत नाही. शेवटी घर पडते व भांडणही तेथेच मिटते.

जमीन.— घराची जी गत, तीच खात्याची. समजा, १९५० च्या सुमारास एक खातेदार चार मुलगे मागे ठेवून वारला व जमिनीची सरस-निरस वाटणी झाली नाही. त्या चौघांस प्रत्येकी चार मुले धरिली तरी तिसऱ्या पिढीस सोळा हिस्सेदार होतात. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही जन्माने सहहिस्सेदार आहेत, तेव्हा त्यांचीही नावे न्यायाने आलीच पाहिजेत. परंतु पुष्कळ सातबारांवर अद्याप त्या मूळ पुरुषाचेच नाव चालत असते. दप्तरात काम करीत असता आमच्या नेहमी नजरेस येई की, वारसाचा अर्ज मृत्यूनंतर वेळेवर क्वचितच येतो. कर्ज काढावयाचे असते, आंब्याच्या नुकसानीची भरपाई मागावयाची असते, किंवा महामार्गात जमीन जाऊन मोबदला मिळावयाचा असतो, तेव्हा तो येतो. आणि तोवर दोन पिढ्यांचे मृत्युदाखले गोळा करण्याची पाळी आलेली असते.

दुसरी अडचण कुळाच्या भीतीची. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. त्याअन्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्यास न्याय मिळाला, हे योग्यच झाले. परंतु तेव्हापासून मालकाच्या मनात जे भय बसले ते आजतागायत गेले नाही. 'शेजाऱ्यास एक वर्ष करावयास दिली तर तो कूळ होईल' या धास्तीने जमीन पड ठेवणे पुष्कळांस बरे वाटते.

एकाची पड जमीन शेजाऱ्यास भोवते, हे मात्र ध्यानात येत नाही. पडीत रान माजते, त्यात रानडुकरे दडतात, व ती शेजाऱ्याचे भात लोळवितात. गवे व वानर यांचाही उपद्रव आहेच. मेरा फुटल्या की वरच्या कुणग्याचे पाणी राहत नाही. वायंगणासाठी व्हाळास दरसाल मातीचा बांध सर्वांनी मिळून घालावयाचा असतो. दहांपैकी सहाजण गावी नसले म्हणजे उरलेल्या चौघांच्या हातून बांध होत नाही, व त्या चौघांचे वायंगणही बुडते. अशा रीतीने जो गावी राहिला त्यासही शेती परवडेनाशी होऊन तोही बाहेर पडण्याच्या विचारास लागतो.

रोजगार.— या जिल्ह्यात काम नाही म्हणून माणसे जातात, हे अर्धेच खरे आहे. वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या तालुक्यांतील तरुण कामासाठी गोव्यात जातात. उलट हापूसच्या बागा राखण्यास नेपाळातून माणसे आणावी लागतात. म्हणजे काम आहे. पण ते हंगामी आहे, व बारमाही पगाराची बरोबरी त्यास करिता येत नाही. १९९० साली राज्यात रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू झाली, व तिच्यामुळे आंबा-काजूची लागवड पुष्कळ वाढली. वरकस जमिनीस किंमत आली, हा तिचा मोठाच लाभ. परंतु काजूस भातासारखे बारा महिने हात लागत नाहीत. गावी नसलेल्या मालकासही तो सोयीचा पडतो. तेव्हा फळबागेने जमीन राखली, तरी माणूस राखण्यास ती एकटी पुरी पडली नाही.

रोजगाराचे आकडे वाचताना खानेसुमारीच्या व्याख्या ठाऊक असाव्या. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करील तो मुख्य काम करणारा, त्याहून कमी करील तो सीमांतिक. आपली जमीन दुसऱ्यास देऊन जो देखरेखही करीत नाही, तो खातेदार असला तरी शेतकरी धरीत नाहीत. आंब्याची बाग करणारा शेतकरी ठरतो. परंतु २०११ च्या व्याख्येप्रमाणे नारळ व सुपारी यांची लागवड चहा-कॉफीबरोबर मळ्यांत गणली जाऊन ती करणारा 'इतर काम करणारा' या सदरात गेला. म्हणून किनाऱ्यावरील गावात शेतकरी कमी दिसले तर शेती बुडालीच असे समजू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट स्त्रियांची. घरच्या शेतात बिनमजुरीने राबणे, किंबहुना केवळ घरच्या खर्चासाठी भात पिकविणे व दूध काढणे, हेही व्याख्येप्रमाणे काम आहे. परंतु गणक दारात आला म्हणजे आपण सांगतो, 'ती घरीच असते.' लावणी, बेणणी, कापणी व गोठा जिच्या अंगावर आहे, तिचे नाव बिनकामाच्या सदरात जाते, आणि मग जिल्ह्यात शेती करणारे हात आहेत त्याहून थोडे दिसतात.

उपाय.— २०२१ ची खानेसुमारी लांबणीवर पडली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरविण्यात आला असून तीपूर्वी घरांची यादी करावयाची आहे. या निमित्ताने आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत.

(१) गणकास खरे सांगावे. मुंबईचा मुलगा गावच्या कुटुंबात घालू नये, व घरच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीचे काम लपवू नये.

(२) खातेदार वारल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी. मुलींची नावे वगळू नयेत. वगळलेले नाव पुढे दाव्याच्या रूपाने परत येते.

(३) सर्व हिस्सेदार गणपतीस एकत्र येतात, त्या दिवसांत वाटणीची बोलणी करावी. सर्वांची संमती असल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून खातेफोड करून घेता येते. वाटणी जमत नसेल तर निदान घराच्या दुरुस्तीचा खर्च व हिस्सा यांचा लेख करून ठेवावा.

(४) कुळाच्या भीतीने जमीन पड ठेवू नये. कायदा नीट समजून घ्यावा. पिकाचा वाटा न देता रोख अगर धान्याच्या वेतनावर ठेवलेला नोकर, किंवा मालकाच्या अथवा त्याच्या कुटुंबातील माणसाच्या जातीच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर, हा कूळ मानला जात नाही. धोका आहे तो अर्धेलीने किंवा खंडाने जमीन देऊन पाठ फिरविण्यात. मजुरी चुकती करून तिची पावती ठेवावी, गावी राहणाऱ्या घरच्या माणसाकडे देखरेख द्यावी, व २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद दर हंगामास स्वतः करावी.

(५) व्हाळाचा बांध, वई व रानडुकरांचा बंदोबस्त यांची वर्गणी बाहेरगावच्या हिस्सेदारांनीही द्यावी. जमीन आपली असेल तर मेरही आपलीच आहे.

गेलेली सर्व माणसे परत येतील असे आम्ही म्हणत नाही. पोटामागे माणसाने जाणे स्वाभाविकच आहे. परंतु जो गावी राहिला आहे त्याचे वायंगण बुडू न देणे, हे जे गेले त्यांच्याही हातात आहे. या चतुर्थीस घराचे कुलूप काढाल तेव्हा सातबाराही एकदा काढून पाहावा, व त्यावर कोणाचे नाव आहे हे मुलांस वाचून दाखवावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.