चैत्राची यात्रा आणि शेतातला कांदा



पाडवा झाला की आपल्या नाशिक जिल्ह्यात सुट्ट्यांचे वेध लागतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडाची यात्रा, मग अक्षय्य तृतीया, १ मेचा महाराष्ट्र दिन आणि मुलांची उन्हाळ्याची सुट्टी. मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात. नेमकी हीच वेळ उन्हाळ कांद्याच्या काढणीची आणि द्राक्षबागेच्या खरड छाटणीची. मग होते काय? बाकीचे गडावर जातात आणि घरची बाई कांदा व गोठा सांभाळीत मागे राहते.

माझ्या आईने ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत वीस चैत्र घालवले. गडावर गेली, तेव्हा तिला पायऱ्या चढवेनात. आजच्यासारखी ट्रॉली तेव्हा नव्हती.

जपानातही २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात चार राष्ट्रीय सुट्ट्या येतात. शेवटची बालदिनाची. लोक त्याला ‘सोनेरी आठवडा’ म्हणतात. शहरांतून आगगाड्या भरभरून माणसे गावी जातात. तिकडे अनेक भागांत भाताची लावणी याच सुमारास असते. नोकरी सांभाळून शेती करणारी कितीतरी कुटुंबे ती या सुट्टीतच उरकतात आणि शहरातून आलेली मुलेही हात लावतात. आपण एवढे तरी उचलावे.

पाडव्यालाच सारे एकत्र बसा आणि कामे व सुट्ट्या एका कागदावर मांडा. कांद्याच्या निम्म्या माना पडल्या की काढणी करा. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. काढलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात सुकू द्या. मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि कांदा सावलीत पातळ पसरा. अवकाळी पावसाचा नेम नाही. कांदा उघड्यावर टाकून यात्रेला निघू नका. छाटलेल्या बागेची पाण्याची पाळीही चुकवू नका, कारण पुढच्या हंगामाचे घड काडीत याच उन्हाळ्यात ठरतात.

गावी आलेल्या मंडळींना पाहुणे समजू नका. पाणी भरणे, वैरण, कांदा वेचणे ही कामे त्यांना नावानिशी वाटून द्या. यात्रेला दोन खेपांत जा, म्हणजे घर उघडे पडणार नाही. आणि पहिल्या खेपेच्या गाडीत पहिली जागा घरधनिणीला द्या.