यंत्र जागे झाले, पण कामाला लागले काय?

परीक्षेच्या निकालाचा दिवस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ठरलेली वेळ होते आणि हजारो मुले एकाच क्षणी निकालाच्या पानावर तुटून पडतात. अशाच एका दिवशी मी एका संस्थेच्या संगणक-विभागात बसलो होतो. गर्दी वाढली की भाड्याची नवी यंत्रे आपोआप उभी राहावीत, अशी तेथे व्यवस्था होती. आणि ती उभी राहतही होती. पडद्यावर यंत्रामागून यंत्र 'चालू' असे दिसे. पण त्या नव्या यंत्रांपैकी एकही कोणाला निकाल दाखवीना! पाच मिनिटे झाली की देखरेख करणारी प्रणाली ते यंत्र निकामी ठरवून मोडून टाकी व त्याच साच्यातून दुसरे काढी. तेही त्याच वाटेने जाई. असे का व्हावे?

प्रथम या यंत्रांचे स्वरूप पाहू. 'क्लाउड' हा शब्द आकाशातला असला तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठ्या कंपन्या आपल्या इमारतींतील संगणकांचे, सॉफ्टवेअरच्या युक्तीने, अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र यंत्र असल्याप्रमाणे भाड्याने देतात. यालाच आभासी यंत्र म्हणावयाचे. ॲमेझॉनने अशी सेवा 'ईसीटू' या नावाने २००६ साली सुरू केली. शेकडो यंत्रे हाताने सज्ज करणे शक्य नाही. म्हणून एक साचा तयार करतात, आणि जागे होताच काय काय करावे याची आज्ञांची यादी सोबत देतात. ही यादी म्हणजे स्टार्टअप स्क्रिप्ट. लिनक्सच्या यंत्रावर ती पाळण्याचे काम बहुधा 'क्लाउड-इनिट' नावाचा कारभारी करतो.

लग्नघरी पहाटे नवा आचारी यावा, चुलीजवळ त्याला चिठ्ठी सापडावी आणि शंका विचारायला घरात कोणीच जागे नसावे, तशी या यंत्राची स्थिती असते. म्हणून बिघाड शोधताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : चिठ्ठी पोहोचली काय? स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या आरंभी ठरावीक दोन चिन्हे नसली, तर क्लाउड-इनिट तिला स्क्रिप्ट मानीतच नाही. विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहते; तेवढ्यानेही स्क्रिप्ट अडते.

दुसरा प्रश्न : ती पाळावयाची वेळ होती काय? ईसीटूवर ही स्क्रिप्ट सामान्यतः यंत्राच्या पहिल्याच प्रारंभी चालते. स्क्रिप्ट दुरुस्त करून तेच यंत्र बंद-चालू करणारा मनुष्य 'काहीच बदलले नाही' म्हणून चकित होतो, त्याचे कारण हे. गूगलच्या सेवेत उलट प्रकार. तेथे ती दर प्रारंभी चालते, म्हणून दोनदा चालली तरी नुकसान होऊ नये अशीच लिहावी लागते.

तिसरा प्रश्न : ती कोठे थांबली? हाताने चालविताना नीट चालणारी स्क्रिप्ट येथे अडते, कारण 'होय की नाही?' असे एखाद्या आज्ञेने विचारले तर उत्तर देणारा कोणी नसतो. कधी नळाला पाणी येण्यापूर्वीच हंडा लावावा तसे, नेटवर्क जुळण्याआधीच बाहेरून सामान मागविले जाते. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही की, मधली एक आज्ञा फसली तरी शेल पुढच्या आज्ञा चालवीतच राहतो. शेवटची साधली की सारे यशस्वी झाले असे वाटते! म्हणून 'पहिल्या चुकीलाच थांब' ही सूचना आरंभीच लिहावी.

या प्रश्नांची उत्तरे तर्काने काढू नयेत. क्लाउड-इनिट आपली नोंदवही यंत्रातच, लॉगच्या कप्प्यात, ठेवतो. आमची अडचण हीच होती की यंत्र मोडले की नोंदवहीही त्याबरोबर जाई. जणू साक्षीदारालाच रोज फाशी! अखेर मोडतोड थांबवून एक यंत्र बाजूस ठेवले आणि नोंदवही उघडली. कारण साधे निघाले. स्क्रिप्ट दर वेळी सर्व सॉफ्टवेअर बाहेरून उतरवून घेत होती. त्या दिवशी त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत होता, आणि देखरेखीची मुदत पाच मिनिटांचीच होती. यंत्र निकामी नव्हते. त्याला कामाला लागण्याची उसंतच मिळत नव्हती.

त्या दिवशी मुदत वाढवून निभावले. खरा उपाय पुढे केला : सर्वांना समान लागणारे सामान साच्यातच घातले, आणि प्रत्येक यंत्राचे वेगळे तेवढेच स्क्रिप्टकडे ठेवले. उलट, यंत्राची स्वतःची ओळख साच्यातून पुसली पाहिजे. नाहीतर सारी भावंडे एकच ओळखक्रमांक घेऊन जन्मतात आणि नेटवर्कवर एकाच पत्त्यासाठी भांडतात.

तात्पर्य, 'चालू' आणि 'सज्ज' हे दोन शब्द एक नव्हेत. तसेच, चुकलेले यंत्र मोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्या दिवशी आम्ही ते उशिरा ऐकले; आणि त्या उशिराची किंमत पडद्यामागे बसलेल्या आम्ही नव्हे, पडद्यापुढे ताटकळणाऱ्या मुलांनी दिली.