मूल अडते कुठे?

परीक्षा जवळ आल्या की सोनागिरीतल्या माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास होते. "डॉक्टरसाहेब, याचं अभ्यासात डोकंच चालत नाही. बुद्धी वाढेल अशा गोळ्या द्या." अशा गोळ्या माझ्याकडे नाहीत. मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या, एवढे मी आधी सांगतो. तिथे दोष नसेल, तर त्याला 'ढ' ठरवण्यापूर्वी त्याला शिकवले कसे जाते, हे पाहायला हवे.

याचा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला आहे. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले, पण वारल्यांची मुले बालवाडीत टिकेनात. त्यांना शिकायचेच नाही, असे म्हणून मोकळे होता आले असते. या दोघींनी कारण शोधले. आईबाप मजुरीला गेले की थोरल्या मुलांकडे धाकटी भावंडे असत, कुणाकडे गुरे असत. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे ताई शिकेल तेव्हा धाकटा पाळण्यात असेल. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले वापरले. १९७५ मध्ये सरकारच्या बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. आपल्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीचे मूळ ते आहे.

आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे. घरात मराठी, मोहल्ल्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. उत्तर ठाऊक असते, शब्द सापडत नाही. अशा मुलाला आधी आपल्या भाषेत सांगू द्यावे. वाचताना अडखळणाऱ्याला अक्षर वाळूत गिरवू द्यावे, उत्तर तोंडी विचारावे. बेरीज चिंचोक्यांवर करून घ्यावी. ज्याचे आधीच झाले, त्याला पुढचे गणित द्यावे. एवढे करूनही वाचन-लेखन जमत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करावी. २०१६ च्या दिव्यांगजन कायद्याने अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली आहे. त्यात कमीपणा नाही.

एकाच तापाच्या दोन रोग्यांना आम्ही होमिओपॅथ वेगवेगळे औषध देतो. वर्गात मात्र चाळीस जणांना एकच मात्रा मिळते. पुढच्या पालकसभेत "मार्क किती?" याच्या आधी "हा अडतो कुठे?" एवढे विचारून पाहा.