जहाजबांधणीतील तपासणी : वर्ग, विमा आणि सुरक्षितता

जहाज गोदीबाहेर पडले की त्याच्या बांधणीतील दोष रंगाखाली झाकले जातात. जहाज विकत घेणारा, त्यासाठी कर्ज देणारी बँक, विमा उतरविणारी कंपनी आणि त्यातून जाणारा प्रवासी यांपैकी कोणालाही ते दिसत नाहीत. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची असमानता म्हणतात, तिचे हे ठळक उदाहरण होय. म्हणूनच जहाजाची तपासणी ते बांधले जात असतानाच करावी लागते.

हे काम प्रामुख्याने वर्गीकरण संस्था करतात. त्यांचा उगम अठराव्या शतकातील लंडनच्या सागरी विमा व्यवसायात आहे. भारतात १९७५ साली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था स्थापन झाली. मुंबईत पवई येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेस २०१० मध्ये वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. सर्वेक्षक प्रथम आराखडे संमत करतात, पोलादी पत्र्यांवरील शिक्के प्रमाणपत्रांशी ताडून पाहतात. वेल्डिंगचे सांधे क्ष-किरणांनी वा ध्वनिलहरींनी तपासले जातात. जहाज तरंगू लागल्यावर कलचाचणी होते. ठरावीक वजने डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवून जहाज किती कलते, हे लांब ओळंब्याने मोजतात व त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढतात. आराखड्यातील वजन व प्रत्यक्षातील वजन यांत फरक पडतोच. त्याचा स्थैर्यावरील परिणाम या साध्या चाचणीत कळतो. त्यानंतर सागरी चाचण्या होतात.

या तपासणीचे शुल्क गोदी वा जहाजमालकच देतो, हा या व्यवस्थेतील कच्चा दुवा आहे. १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यालगत ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज दुभंगले. त्या प्रकरणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जहाजास प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेलाही दोषी धरले. तरीही मोठ्या जहाजाच्या बाबतीत वर्गाविना विमा मिळणे दुरापास्त असते. तेथे बाजार आणि कायदा एकाच दिशेने काम करतात.

छोट्या नौकांची स्थिती निराळी आहे. जलाशयात वा नदीत फेऱ्या मारणाऱ्या नौकेच्या मालकाकडे प्रमाणपत्र मागणारा विमेदार वा सावकार बहुधा नसतो. तिकीट काढणारा पर्यटक तर ते मागतच नाही. जुन्या नौकेवर वरचा मजला चढविला, की गुरुत्वमध्य वर जातो. त्यात प्रवासी वरच्या मजल्यावर एका बाजूस गोळा झाले, की नौका उलटण्याचा धोका वाढतो. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची दुमजली नौका उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. ती मूळची मासेमारीची नौका होती आणि तीत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते.

येथे भिस्त केवळ शासकीय तपासणीवर राहते. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक नौकांच्या रचनेची व बांधणीची मानके केंद्राने ठरवावयाची असून नोंदणी आणि सर्वेक्षण राज्यांकडे आहे. मानके एकसमान झाली, तरी प्रत्येक धक्क्यावर ती तपासावयास पुरेसे प्रशिक्षित सर्वेक्षक लागतात आणि त्यांचा खर्च राज्यांच्या अंदाजपत्रकातून यावा लागतो. तानूरची दुर्घटना हा अधिनियम संमत झाल्यानंतरची आहे.