मूलभूत लायब्ररींच्या सुधारणेचे नियोजन : जावामधील दिनांकाचा प्रश्न

तारखांची गणिते, याद्या, फायलींची हाताळणी अशी नित्याची कामे करणारे जे तयार साहित्य संगणकभाषेसोबत मिळते, त्यास मूलभूत लायब्ररी म्हणतात. तिच्यात नवी भर घालणे तुलनेने सोपे असते. एकदा प्रसिद्ध झालेली चूक दुरुस्त करणे मात्र फार अवघड ठरते. या दृष्टीने जावा भाषेतील दिनांकाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

१९९६ साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत दिनांकासाठी 'डेट' हा वर्ग होता. त्यात वर्ष १९०० पासून आणि महिना शून्यापासून मोजला जाई. दिवस मात्र एकपासून. म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, १ मे १९६०, नोंदविण्यासाठी ६०, ४, १ असे आकडे द्यावे लागत. सवयीने ४ च्या जागी ५ लिहिल्यास संगणक कोणतीही तक्रार न करता १ जून धरतो. खरी हानी येथेच होते. सेवानिवृत्तीचा दिनांक महिनाभर सरकला तरी आज्ञावली सुरळीत चालल्याचेच दिसते. शिवाय एकदा तयार केलेला दिनांक आज्ञावलीचा दुसरा एखादा भाग परस्पर बदलू शकत असे. १९९७ मध्ये 'कॅलेंडर' हा नवा वर्ग आला, पण महिने शून्यापासूनच राहिले.

जुना वर्ग काढून टाकावा, तर त्यावर उभ्या असलेल्या असंख्य आज्ञावली बंद पडणार. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावीच लागते, तसाच हा प्रकार. स्टीफन कोलबोर्न यांनी 'जोडा-टाइम' ही स्वतंत्र लायब्ररी विकसित केली होती. तिच्या अनुभवाच्या आधारे २००७ मध्ये 'जेएसआर ३१०' या प्रस्तावाचे काम सुरू झाले. विशेष म्हणजे कोलबोर्न यांनी स्वतःची लायब्ररी जशीच्या तशी पुढे केली नाही. तिच्यातील दोष टाळून नवी रचना केली. ही रचना मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत आली. तीत महिने १ ते १२ आहेत आणि दिनांक अपरिवर्तनीय आहे. त्यात दिवस मिळविल्यास मूळ दिनांक तसाच राहून नवा दिनांक मिळतो.

या नियोजनातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय आकाराने अगदी लहान होता. 'डेट'ला दोन रूपांतर-पद्धती जोडण्यात आल्या, एक जुन्यातून नव्याकडे नेणारी व दुसरी नव्यातून जुन्याकडे. त्यामुळे संस्थांना आपल्या आज्ञावली टप्प्याटप्प्याने बदलता आल्या.

२०१७ च्या जावा ९ पासून 'वापर टाळावा' आणि 'पुढे काढून टाकले जाईल' या दोन सूचनांत स्पष्ट भेद करता येऊ लागला. 'डेट'मध्ये वर्ष, महिना, दिवस देण्याची जुनी रीत १९९७ मध्येच पहिल्या प्रकारात गेली होती. २०२३ च्या जावा २१ मध्येही ती दुसऱ्या प्रकारात गेलेली नव्हती.