गवताच्या नदीत शिरलेले अजगर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला पाणी नदीच्या पात्रातून वाहत नाही. मैलोन्‌मैल रुंद पसरून, उंच गवताच्या बुंध्यांमधून ते संथपणे समुद्राकडे सरकतं. हे एव्हरग्लेड्स. १९४७ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. रात्री उद्यानातून गाडी नेली की दिव्यांच्या उजेडात रॅकून, ऑपॉसम, ससे दिसायचे.

मग ते दिसेनासे झाले. २००३ ते २०११ या काळात संशोधकांनी रात्रीच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी घेतल्या आणि १९९६-९७च्या नोंदींशी ताडून पाहिल्या. रॅकून ९९ टक्क्यांनी कमी, ऑपॉसमही जवळपास तितकेच. बॉबकॅट हे रानमांजर सुमारे ८८ टक्क्यांनी कमी. ससा एकही नाही.

संशय होता बर्मी अजगरावर. आग्नेय आशियातला हा साप हौसेनं पाळण्यासाठी अमेरिकेत विकला जाई. वीतभर जाडीचं जनावर पिंजऱ्यात मावेना, की मालक ते दलदलीत सोडून येत. उद्यानात तो १९७९ मध्येच दिसला होता. १९९२च्या अँड्र्यू वादळात अजगरांचं एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथले साप मोकळे सुटले. अजगराची इथेच वीण होते आहे, हे मान्य व्हायला मात्र २००० साल उजाडलं. एवढा उशीर अक्षम्यच म्हणायला हवा.

ससे आणखी कशानं मेले असतील का? ही शंकाही तपासली गेली. रेडिओ पट्टे बांधून ससे उद्यानात सोडले. अकरा महिन्यांत जे मेले, त्यांतल्या ७७ टक्क्यांचा जीव अजगरांनी घेतला होता.

खरं नुकसान या मोजदादीच्या पुढे सुरू होतं. रॅकून कासवांची अंडी उकरून खातात. रॅकून गेले तिथे कासवांची घरटी जास्त वाचू लागली. डासांची गोष्ट अधिक काळजीची. इथल्या क्युलेक्स गटातल्या एका डासाची मादी सस्तन प्राण्यांचं रक्त पिते. १९७९ मध्ये तिच्या अशा रक्ताहारात कॉटन रॅट या रानउंदराचा वाटा सुमारे १५ टक्के होता. २०१६ मध्ये तो ७५ टक्क्यांच्या वर गेला, कारण मोठे प्राणी उरलेच नव्हते. माणसाला मेंदूज्वर देऊ शकणारा ‘एव्हरग्लेड्स विषाणू’ याच उंदरात वाढतो.

मग अजगर पकडून संपवत का नाहीत? कारण तो दिसतच नाही. वाळल्या गवतात त्याच्या अंगावरचे तपकिरी चट्टे असे मिसळतात, की अनुभवी माणूसही शेजारून निघून जातो. २०१३ मध्ये भरवलेल्या पहिल्या शिकार स्पर्धेत सुमारे १,६०० जण उतरले. हाती लागले ६८ अजगर.

२०१७ मध्ये तमिळनाडूतल्या, साप पकडण्यात तरबेज इरुला जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना फ्लोरिडानं बोलावून घेतलं. इतर शिकारी गाडीतून बांधांच्या कडा न्याहाळत फिरत. हे दोघे पायी दाट झुडपांत शिरत. विष्ठा, कात, चिखलातला घसरल्याचा माग बघत. पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच त्यांनी तेरा अजगर काढले. त्यातली एक मादी सोळा फुटांची होती. २०२३ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली.

आता काही संशोधक अजगरालाच माग काढायला लावतात. नराच्या शरीरात रेडिओ यंत्र बसवून सोडतात. विणीच्या हंगामात तो मादीपर्यंत नेतो. अशाच शोधात नैर्ऋत्य फ्लोरिडात सापडलेल्या एका मादीची माहिती २०२२ मध्ये जाहीर झाली. वजन सुमारे ९८ किलो, लांबी जवळपास अठरा फूट. पोट फाडलं तर आत वाढत असलेली १२२ अंडी आणि पचायचे राहिलेले हरणाचे खूर. अशी एक मादी वेळेत सापडणं हे डझनभर नर मारण्यापेक्षा मोलाचं.

बर्मी अजगराच्या आयातीवर २०१२ मध्ये बंदी आली. पण तोवर त्याच्या फुप्फुसातला एक आशियाई परजीवी इथल्या सापांत शिरला होता. बेडूक, पाली आणि किड्यांमार्फत तो पुढे सरकतो. अजगर अजून पोचलेले नाहीत अशा मध्य फ्लोरिडातही बुटक्या रॅटलस्नेक सापांच्या फुप्फुसांत तो सापडला आहे.