ग्रंथालयें आणि ‘विकि’ : गुणदोषविचार

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक अनुभव नवा नाहीं. दप्तराची यादी ज्यानें केली तोच त्या दप्तराचा खरा जाणता. तो गेला म्हणजे यादी उरते, ज्ञान जातें. आमच्या पाहण्यांतील एका ग्रंथालयांत एका रुमालावर ‘किरकोळ मोडी’ एवढीच चिठ्ठी होती. आंत काय आहे हें ज्या गृहस्थांस ठाऊक होतें ते निवर्तल्यावर तो रुमाल पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला. ही हानि टाळण्याचें एक साधन म्हणून ग्रंथालयांत ‘विकि’चा उपयोग होऊं लागला आहे. त्याचे गुणदोष येथें थोडक्यांत मांडीत आहों.

विकि म्हणजे संगणकावरील अशी वही कीं, जी वाचणारास तेथल्या तेथें दुरुस्त करितां येते. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं पहिली विकि सुरू केली. हा शब्द हवाई बेटांच्या भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. २००१ सालीं निघालेला विकिपीडिया सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो या जातीचा एक प्रकार होय. ग्रंथालयास निवडक लोकांच्याच हातीं लेखणी देणारी स्वतःची विकि ठेवितां येते.

विकीचा पहिला गुण पाठचिकित्सकांस विशेष रुचेल. पोथींत प्रक्षेप कोणीं व केव्हां केला हें शोधण्यांत पंडितांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं. भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. विकींत प्रत्येक फेरफाराबरोबर तो करणाराची खूण, दिवस व वेळ यांची नोंद होते आणि जुना पाठही मागें राहतो.

दुसरा गुण अनेकांच्या साह्याचा. जेरेमी बेंथम (मृत्यु १८३२) याचीं सुमारें ६०,००० हस्तलिखित पत्रें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहेत. कॉलेजानें २०१० सालीं त्यांचीं छायाचित्रें विकीवर ठेवून नक्कल करण्याचें काम लोकांस खुलें केलें. नक्कल तयार झाली कीं जाणते ती तपासतात व मान्य झाल्यावर पान बंद करितात. विकिस्रोतावरही एकानें तपासलेलें पान दुसऱ्यानें पडताळावें असा क्रम आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत व शब्द तोडून लिहीत नाहींत. तेथें एकट्याचें वाचन चुकण्याचा संभव फार, म्हणून अशी दुहेरी तपासणी मोलाची.

आतां दोष. चूक जितक्या लवकर सुधारते तितक्याच लवकर पसरतेही. सुहूर सनांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांस ६०० मिळवावे लागतात. अर्धवट जाणणारानें माघांतल्या पत्रास ५९९ लाविले तर वर्ष चुकेल, आणि तेंच दहा ठिकाणीं उतरलें म्हणजे दहा साक्षी झाल्याचा भास होईल. खोडसाळपणाचेंही भय आहे. २००५ सालीं विकिपीडियावर जॉन सीगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराविषयीं धादांत खोटा मजकूर कोणी घातला, तो सुमारें चार महिने राहिला. शिवाय अप्रकाशित कागदावरून काढलेलें नवें अनुमान विकिपीडियाच्या नियमांत बसत नाहीं; प्रकाशित आधारच तेथें चालतो. म्हणून संशोधनाचें स्थान त्रैमासिकच. आणखी असें कीं, दोघां-चौघां उत्साही मंडळींवर चालणारी विकि ते थकले म्हणजे ओस पडते.

असो. आमच्या मतें यादी व वाचन यांसाठीं विकि अवश्य घ्यावी, परंतु चार बंधनें पाळावीं. नकलेशेजारीं मूळ पानाचें छायाचित्र असावें. वाचणारानें आपलें नांव द्यावें. शंकित अक्षर शंकित म्हणूनच दाखवावें. आणि वर्षास एकदां सर्व मजकूर छापून दप्तरांत ठेवावा. त्या रुमालावरील चिठ्ठीच्या जागीं अशी नोंद असती, तर एका माणसाबरोबर त्याचें सारें वाचन गेलें नसतें.